पाणी थांबता कामा नये

पेन्सिल आपणहून चालायला लागली तेव्हा हेतल बोलत होती. हेतल म्हणजे माझी पुण्याची साहेब. वयाने माझ्यापेक्षा लहान, आणि एकदा सुरू झाली की दम खायला विसरणारी. बाणेरच्या कुणा बाईंच्या स्वयंपाकघरात सिलेंडरचा कप्पा ओट्याच्या डाव्या अंगाला घ्यायचा की उजव्या, यावर ती बराच वेळ लॅपटॉपमधून बोलत होती, आणि मी इकडे रत्नागिरीत, नाचणे रोडवरच्या दुसऱ्या मजल्यावर, आज सकाळीच खोलीत आलेल्या नव्या लाकडी टेबलाशी बसून मान डोलवत होते. 'डावीकडे' असं कागदावर लिहून मी पेन्सिल खाली ठेवली आणि ती निघाली. घाई नाही, गडबड नाही, जाऊन येते म्हणाल्यासारखी डाव्या कडेपर्यंत गेली आणि फरशीवर पडली. मी वाकून उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. मग मात्र मी तिच्यावर पंजाच ठेवला, कारण दारात बाबा येऊन उभे राहिले होते. खांद्यावर पंचा, आणि नजर माझ्यावर नाही, टेबलावर. "झाला काय गो तुजा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मीटिंग चाललीय, बाबा." "चालू दे, चालू दे. मी आपला इचारलं," म्हणाले आणि पुन्हा बाल्कनीत जाऊन बसले. सकाळपासून हे चौथं-पाचवं विचारणं होतं. काय व्हायचं होतं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पेन्सिल माझ्या पंजाखाली होती आणि पंजा उचलायची मला भीती वाटत होती.

पेन्सिल घरंगळली म्हणून कुणी एवढं घाबरत नाही, हे मलाही कळतं. पण हे टेबल बाबांनी केलं होतं, आणि ते सरळ होण्यावर एक गोष्ट ठरायची होती. माझे वडील गंगाराम मिस्त्री. भाट्याच्या खाडीकाठी त्यांनी उभा जन्म मासेमारीच्या लाकडी लाँची बांधल्या. मग फायबरच्या होड्या आल्या, साच्यातून निघणाऱ्या, गुळगुळीत, आणि लाँची बांधायचा मांडव रिकामा पडला. आई गेल्यावर मी त्यांना खाडीवरच्या घरातून इथे फ्लॅटवर आणलं. येताना त्यांनी कपडे कमी आणले आणि हत्यारांची पेटी आणली. ती त्यांच्या खाटेखाली असते. सकाळी उठल्यावर जमिनीवर पाय ठेवायच्या आधी ते टाचेने ती चाचपतात. मागच्या वर्षी एक स्टूल दुरुस्त करताना त्यांनी अंगठा कापून घेतला आणि पनवेलहून माझा भाऊ दर्शन फोनवर म्हणाला, "ताई, बाबांच्या हातात आता करवत देऊ नकोस. हात थरथरतो त्यांचा. ती पेटी महिपतला देऊन टाक, तो किती दिवस मागतोय." महिपत म्हणजे बाबांच्याच हाताखाली तयार झालेला सुतार, आता सोफे आणि दिवाण करतो. फोन स्पीकरवर होता. बाबा ताटावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "दर्शन, दीपूला काम करायला टेबल नाय. इस्त्रीच्या फळीवर बसते पोर. तिला टेबल मी करतो. सरळ झाला तर पेटी माजी. हात चुकला तर महिपतला मीच नेऊन देतो, तुला सांगायची पाळी येणार नाय." आणि मग आमटीत भाकरी कुस्करायला लागले. मला तेव्हाच वाटलं होतं, ही पैज लावायला नको होती. ती पेटी गेली तर बाबा बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून खालच्या रिक्षा बघत राहतील, आणि बघता बघता तेवढेच उरतील. हे मला नको होतं. मला ते अख्खे हवे होते.

हेतल दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागल्यावर मी कॅमेरा बंद केला आणि चोरासारखी कामाला लागले. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं जाड पान दुमडून डाव्या पायांखाली सरकवलं. पेन्सिल डावीकडे ठेवली, जागच्या जागी राहिली. हायसं वाटलं. सहज म्हणून ती लॅपटॉपच्या उजव्या बाजूला ठेवली तर तिकडे अशी पळाली की झेलता झेलता माझा हात टेबलावर आपटला. बाल्कनीतून आवाज आला, "काय पडला?" "काही नाही," मी म्हटलं. पान काढून घेतलं, पेन्सिल पुन्हा उजवीकडे ठेवली. हळूहळू, पण गेलीच. म्हणजे टेबल मधे उंच होतं आणि दोन्ही अंगांना उतरत होतं. हे पायांखाली काही घालून लपणारं नव्हतं. मी आधी आमच्या फरशीला शिव्या दिल्या, मग बिल्डरला. टेबल खाली पार्किंगमध्ये बांधलं, तिथल्या जमिनीला पाणी जायला उतार आहे, त्याचाच हा दोष, अशीही स्वतःची समजूत घालून पाहिली. शेवटी गुडघे टेकून बसले, एक डोळा मिटला आणि कडेवरून लांबवर नजर टाकली. उतार होता, पण काय उतार होता! कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही. मधल्या फळीपासून कडेच्या फळीपर्यंत प्रत्येक फळी शेजारणीपेक्षा किंचित खाली, जेवढी डावीकडे तेवढीच उजवीकडे. थकलेला हात असा चुकत नाही, तो वेडावाकडा चुकतो. हे मला दिसत होतं आणि तरी कळत नव्हतं.

या टेबलाचं चित्र मी काढलं होतं. माझं कामच ते. लोकांची स्वयंपाकघरं मी पडद्यावर मिलिमीटरमध्ये काढते आणि पुण्यातले कारागीर ती बांधतात. मी वायर जायला भोक काढलं, उजवीकडे दोन खण काढले, पाय ठेवायला खाली आडवी दांडी काढली, आणि छापून बाबांना दिलं. त्यांनी कागद लांब धरून पाहिला. "बरा हाय," म्हणाले. "पण ह्यात तू कुटं हायस?" मी खुर्ची दाखवली. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, हात कोपरात वाकवायला लावला, आणि सुतळी धरून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. गाठ मारली. मग गुडघ्यापर्यंत, तिथे दुसरी गाठ. लहानपणी शाळेच्या गणवेशाला आई अशी मापं घ्यायची, आणि मी तशीच ताठ बसले, श्वास धरून. बाबांचं डोकं माझ्या गुडघ्याशी होतं. टाळूवर विरळ पांढरे केस, आणि अजून तोच वास, बिडीचा आणि लाकडाचा. इतक्या जवळून मी त्यांना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. माझं चित्र त्यांनी पार्किंगच्या खांबाला चिकटवलं आणि येता-जाता त्याच्याकडे आदराने पाहत राहिले, पाहुण्याकडे पाहतात तसं. माप सुतळीवरून घेतलं.

लाकूड खाडीवरच्या घरात पडून होतं. फणसाच्या फळ्या, कुण्या लाँचीसाठी कापून ठेवलेल्या. त्या मालकाने ऐन वेळी फायबरची घेतली आणि फळ्या माळ्यावर गेल्या. टेंपोतून त्या इथे आल्या, बाबांनी पहिल्या फळीवर रंधा मारला आणि आतून पिवळं लाकूड निघालं, हळदीच्या अंगाचं. पार्किंगभर त्याचा वास सुटला. मी चित्रात लांबलचक फळ्या घातल्या होत्या. बाबांनी आखूड फळ्या एकीला एक लावून आडव्या बसवल्या. मी म्हटलं, "बाबा, हे असं नाही काढलेलं." ते म्हणाले, "ह्या तशाच कापलेल्या हायत गो. आता त्यांना काय सांगू?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी भुश्याबद्दल तक्रार केली, आणि पुढच्या आठवड्यात तेच रोज संध्याकाळी स्कूटरवर बसून काम बघायला लागले, वर मला एक पाट मिळेल का म्हणून खडा टाकून गेले. बाबा शीळ घालत होते. मी ती शीळ विसरलेच होते. जेवताना भाकरी मागून घेत होते, ढलप्या केसांत अडकवून वर येत होते, आणि रात्री मेल्यासारखे झोपत होते. मी जिन्यात उभी राहून त्यांना पाहायची. रंधा पुढे गेला की पाय मागे रोवायचा, तीच जुनी ढब. हात कधीमधी थरथरायचा, पण रंध्यावर टेकला की थांबायचा. मला वाटायचं, हे टेबल कधी पुरं होऊ नये.

आणि आज ते पुरं होऊन खोलीत आलं होतं, आणि वाकडं होतं. मी चहाचा कप घेऊन बसून राहिले. सांगायचं कसं? सांगितलं नाही तर किती दिवस? उद्या बाबा इथे पेन ठेवतील, चष्मा ठेवतील, आणि बघतील. कप टेकवताना त्याच्या बुडाशी लोंबणारा एक थेंब लाकडावर उतरला, क्षणभर घुटमळला आणि निघाला. मी त्याच्याकडे बघत होते. तेल दिलेल्या पिवळ्या लाकडावरून तो फळी ओलांडून पुढच्या फळीवर गेला, तिथून पुढच्या, कुठेही न अडता, आणि कडेवरून खाली. तो थेंब जाताना माझ्या तळपायांना ऊब लागली. खरंच लागली. फरशी गार होती, पण तळपायांना उन्हात तापलेलं लाकूड लागलं, आणि नाकात काजूच्या टरफलांच्या तेलाचा उग्र वास.

सुरूच्या बनाच्या अलीकडे बाबांचा मांडव होता, नारळाच्या झापांचा. आत लाँच उभी असायची, आणि तिच्या अंगाला ते काळं तेल लावलेलं असायचं. हात लागला तर कातडी सोलून निघते म्हणून आई मला लांब धरून ठेवायची. पण लाँच पुरी व्हायच्या दिवशी मला वर चढायची मुभा होती. मुभा कसली, माझ्यावाचून अडायचं. मालक यायचा, मालकीण यायची, खलाशी यायचे, सगळे खाली वाळूत उभे राहायचे. आई विहिरीचं पाणी भरून तांब्याचा तांब्या माझ्या हातात द्यायची. मी अनवाणी फळीवरून डेकवर चढायची. बाबा तिथे पालथे पडलेले असायचे, गाल डेकला लावून. "ओत," म्हणायचे. मी बरोबर मधोमध तांब्या उपडा करायची. पाणी जरासं घोटाळायचं, मग दोहीकडे फुटायचं आणि कडेच्या भोकांतून बाहेर पडायचं. लाँचीच्या डेकला मधून दोन्हीकडे उतार लागतो, वर आलेली लाट तशीच निघून जायला हवी. बाबा गाल टेकून प्रत्येक फळी बघायचे. मग मोठ्याने, खालच्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "थांबला?" आणि मी त्याहून मोठ्याने सांगायची, "नाय थांबला!" तेव्हा नारळ फुटायचा. तोवर लाँच पुरी नाही, तोवर मालकानेही हात लावायचा नाही, ही आमच्या मांडवातली रीत. एकदा एका फळीपाशी पाणी थांबलं. मी "थांबला" म्हटलं. मालक चिडला, मुहूर्त टळतो म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, दुपारभर रंधा मारत राहिले आणि मालक नारळ काखेत मारून घरी गेला. एवढ्या अवाढव्य लाँचीवरचा शेवटचा शब्द माझा असायचा. नंतर मी शिकायला पुण्याला गेले, चौकोनी खोल्यांत चौकोनी कपाटं काढायला लागले, आणि ते सगळं कुठे गेलं कोण जाणे.

फ्रिजवर सकाळपासून एक नारळ होता. बाजारातून आणून बाबांनी तो तिथे ठेवला होता आणि मला बजावलं होतं, "हा सोलकढीला फोडू नको." मी लक्ष दिलं नव्हतं. आता तो नारळ मला दिसला, दारातलं त्यांचं ते उभं राहणं दिसलं, आणि "झाला काय गो तुजा" हे काय विचारत होते तेही कळलं. ते माझी वाट बघत होते. हेतलला मी लिहिलं, थोड्या वेळाने येते. लॅपटॉप उचलून पलंगावर ठेवला, वायर काढली, कागद काढले. देवघराच्या खालच्या फळीवरून आईचा तांब्या काढला आणि नळाखाली भरला. "बाबा," मी हाक मारली, "या. ओतायचंय."

ते आले. तांब्या बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. पंचा खाली टाकला, एका हाताने टेबलाची कड धरली, कसेबसे वाकले आणि गाल लाकडाला लावला. डोळे तेच, बारीक केलेले. "ओत," म्हणाले. मी मधोमध तांब्या उपडा केला. पाणी घोटाळलं, फुटलं, दोहीकडे गेलं, आणि दोन्ही कडांवरून आमच्या फरशीवर पडायला लागलं. "थांबला?" "नाय थांबला!" माझा आवाज एवढा मोठा निघाला की समोरच्या बाल्कनीतल्या बाईने वळून पाहिलं. बाबा उठले. एक गाल ओला होता आणि ते हसत होते. हसता हसता त्यांची नजर पलंगावरच्या लॅपटॉपवर गेली, मग खाली पाण्यात पडलेल्या पेन्सिलीवर, मग खांबावरून काढून मी भिंतीला लावलेल्या माझ्या चित्रावर. हसणं हळूहळू उतरलं. मला वाटलं होतं उताराचं त्यांना माहीत आहे. त्यांना माहीत नव्हतं.

"बाय," ते म्हणाले, "ह्यो टेबल हाय."

"हो, बाबा."

"मग ह्येला उतार कशाला?"

फरशीवर थेंब पडण्याचा आवाज येत होता. ते माझ्या खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. "पेटी काढ खाटेखालची," म्हणाले. "महिपतला फोन लाव."

मला राग आला. त्यांचा नाही, दर्शनचा नाही, कुणाचा ते अजून कळलेलं नाही. "कशाला काढू? हात चुकला तर द्यायची म्हणाला होतात. कुठे चुकलाय? दाखवा मला." मी जाऊन तांब्या पुन्हा भरून आणला आणि पुन्हा ओतला, भस्सकन. "कुठल्या फळीवर थांबलं? एक थेंब दाखवा, आत्ता पेटी काढते." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते वेगळंच. बाबा बसल्या बसल्या पुढे वाकले. न वाकून त्यांना राहवलंच नसतं. फळी फळी बघत गेले, मग बोट फिरवत गेले, मधून डावीकडे, मधून उजवीकडे. बराच वेळ गेला.

"हात नाय चुकला," शेवटी म्हणाले. "डोका चुकला." टेबलावरचं बोट उचललं. "डोक्याचा काय, चार जणांनी सांगितला की ऐकतो. हात गेला असता तर काय करणार होतो?" आणि एकदम माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? पूस ता. खोलीत खाडी केलीस नुसती." मी पोतेरं आणेपर्यंत त्यांनी पंच्याने निम्मं टेबल पुसलंसुद्धा होतं. नारळ बाल्कनीच्या उंबऱ्यावर फोडला. पाणी दोघांनी एका वाटीतून प्यायलं. "मी पुण्याला गेल्यावर कोण ओतायचं?" मी विचारलं. "कोण म्हणजे? तुजी आई," ते म्हणाले. "पण ती हळू बोलायची. मालकाला ऐकूच नाय जायचा."

संध्याकाळी दर्शनचा फोन आला. टेबल कसं झालं, त्याने विचारलं, सावधपणे. काय सांगावं ते मी ठरवलं नव्हतं. "पाणी थांबत नाही," मी म्हटलं. तोही त्या वाळूत उभा राहिलेला होता, आईच्या पदराला धरून. मग त्याचा आवाज आला, पनवेलचा नाही, घरचा. "मग नारळ फोडलान काय?" फोडला, मी म्हटलं. पेटीचं त्याने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, उतार काढून टाकतो, रंधा मारून सरळ करतो. मी टेबलावर दोन्ही हात पसरून बसले आणि उठलेच नाही. म्हणाले, "येडी हायस. जन्मभर पेन्सिली उचलशील." मग खालून उरलेल्या फणसाच्या दोन पट्ट्या घेऊन आले आणि दोन्ही कडांना उभ्या ठोकल्या, होडीच्या काठासारख्या. आता हेतल बोलत असताना मी पेन्सिल ठेवते, ती आपली जाते, आणि पट्टीला टेकून उभी राहते. हवी तेव्हा हाताला लागते. काल टेबल पुसताना मला दिसलं, दोन्ही पट्ट्यांच्या कोपऱ्यात बोटभर फट सोडलेली आहे. रेखून कापलेली, पॉलिश पेपरने घासलेली. बाबा खाली फरशीवर बसून सेक्रेटरींचा पाट तासत होते. मी विचारलं, "बाबा, ही फट कशाला ठेवलीत?"

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही कळत नाही या पोरीला.

"पाणी जायला नको?"